जयवंतामावशीच्या गिरणीवरचं गाणं

जयवंतामावशीनं आयुष्यात दोनच माणसांचा शब्द कधी खाली पडू दिला नाही. एक बाबासाहेबांचा आणि दुसरा म्हस्कूआबांचा. त्यात म्हस्कूआबांचा शब्द म्हणजे गाण्यातलाच, कारण एरवी आबा फारसं बोलत नसत.

आबा हे इंदापूरच्या संघमित्र गायन पार्टीचे मुख्य गायक. एक पेटी, एक ढोलकी, एक बेंजो आणि मागं झील धरणारे दोघं-तिघं, एवढाच पसारा. पण मावशीच्या तरुणपणी या पार्टीनं सोमेश्वरनगरपासून इंदापूरच्या टोकापर्यंत गावंच्या गावं गोळा केली. भीमजयंतीला आबा मिळावेत म्हणून लोक दिवाळीतच सुपारी देऊन यायचे. मावशीच्या लग्नातही हीच पार्टी होती. लग्न लागलं, पंगती बसल्या आणि नवरी कुठं सापडेना. शेवटी ती पोराटोरांच्या घोळक्यात, ढोलकीच्या पुढ्यात मांडी घालून बसलेली सापडली. नवऱ्याकडच्या बायांनी नाकं मुरडली. नवरदेव, म्हणजे आमचे काका, तेवढे हसले, आणि पुढं संसारभर हसतच राहिले. त्यांना दुसरा इलाज नव्हता.

मी करुणा. माझं माहेर शेळगाव, नोकरी बारामतीच्या टेलिफोन ऑफिसात. दिवसभर कानाला लोकांचे आवाज लावून बसायचं माझं काम. त्यामुळं आवाजातलं मला थोडं कळतं असा माझा समज होता, आणि मावशी तो समज दर रविवारी मोडीत काढायची.

मावशीची शेळगावातच पिठाची गिरणी होती. घातली काकांनी, चालवली तिनं. काका कारखान्यावर उसाचा ट्रॅक्टर चालवायचे, त्यांना पट्टा कुठल्या बाजूनं चढवायचा हेही माहीत नव्हतं. मावशीचं पीठ असं मऊ पडायचं की दुसऱ्या वस्तीवरूनही डबे यायचे. ज्या घरांनी आमच्या आजीच्या हातचं पाणी कधी घेतलं नाही, त्या घरांच्या सुना मावशीच्या गिरणीपुढं रांगेत उभ्या राहायच्या. मावशी त्यांना टोमणा मारत नसे. फक्त बाजरीवर गहू टाकू देत नसे आणि टेप बंद करू देत नसे.

टेप म्हणजे तिचा जुना टेपरेकॉर्डर. पिठानं खराब होऊ नये म्हणून त्याला जुन्या पातळाचा तुकडा गुंडाळलेला. त्यावर दिवसभर आबांची जुनी गाणी चालायची. गिरणीच्या घरघरीत ती कुणालाच ऐकू येत नसत, पण मावशीला येत. ती ओठ हलवत दळायची.

आता मुद्द्याचं सांगते. ब्याण्णव-त्र्याण्णवनंतर पार्टीचे दिवस फिरले. आबांचं वय झालं, गळा बसायला लागला. गावोगावची पोरं पुण्याहून ऑर्केस्ट्रा आणायला लागली, लाल-हिरवे दिवे आणि नाचणाऱ्या मुली असलेला. आबांची कॅसेट निघून कैक वर्षं झाली होती. लोक म्हणायला लागले, पार्टी मोडली. आणि अशात पंच्याण्णवच्या जानेवारीत बातमी आली की आबांचं नवीन गाणं निघालं. पुण्याच्या कुठल्याशा कंपनीनं काढलं. एका बाजूला एकच नवीन गाणं, दुसऱ्या बाजूला जुनीच.

बारामतीच्या एसटी स्टँडसमोर रमजानभाईंचं कॅसेटचं दुकान होतं. ते स्वतः आबांचे जुने भक्त. त्यांनी त्या दिवशी दुकानाबाहेर स्पीकर काढून ठेवला आणि मी ऑफिसातून तिथं पोचले तेव्हा फुटपाथवर उभं राहायला जागा नव्हती.

गाणं लागलं.

*दारात उभी ही माय, लेक साळंला जाय गं,*
*तिच्या मागं मागं चालं, माझ्या भीमाचा पाय गं.*

शब्द ऐकून माझ्या अंगावर काटा आला, पण चाल भलतीच धावती होती. ढोलकी नव्हती, तिच्या जागी मशीन टकाटक वाजत होतं. आबांचा आवाज उंच, पातळ, लगबगीचा.

"आबा तरणं झालं की!" एकजण म्हणाला.

"ढोलकी कुठं गेली ओ? ढोलकी बगर आबा म्हंजी..." दुसरा स्पीकरकडं वाकून बघायला लागला.

मोरगावचे दोघं म्हातारे गाणं दोनदा ऐकून, एकमेकांकडे बघून एसटी धरायला गेले. एका पोरानं तिथंच नाचून दाखवलं. एक बाई रडली, पण ती कव्हरवरचा आबांचा फोटो बघून रडली. म्हणाली, केवढे वाळलेत. थोडक्यात काय, ज्याला जे पाहिजे ते त्याला सापडत होतं आणि पोट कुणाचंच भरत नव्हतं. तरी कॅसेटा खपल्या. आबांच्या नावावर खपल्या. मीही एक घेतली, आणि रविवारी शेळगावला निघाले.

मी गिरणीवर पोचले तेव्हा रांग लागलेली होती. दिवसाची थ्री-फेज आली होती, म्हणजे शिवारातल्या सगळ्या मोटारी उसाला पाणी पाजायला एकदम सुरू झालेल्या. गिरणीतला बल्ब लालसर, मरतुकडा झाला होता. मावशीनं हात पुसले, पदरानं कॅसेट धरली, कव्हरवरच्या आबांना डोळे भरून पाहिलं. आणि मग तिनं जे केलं ते शेळगावानं कधी पाहिलेलं नव्हतं. वरच्या चाडात धान्य भरलेलं असताना तिनं मोटर बंद केली.

"अगं जयवंता, माझं दळण अर्ध्यात हाय!" सिंधुबाई ओरडल्या. या पलीकडच्या वस्तीवरच्या, तोंडानं खमक्या.

"राहू द्या अर्ध्यात. आबांचं गाणं हाय."

पट्टा थांबला. गिरणी गप्प झाली आणि टेप सुरू झाला.

तेच शब्द. पण हे गाणं वेगळंच होतं. मशीनची टकटक आता दूरवर कुणीतरी उखळात कांडावं तशी जड पडत होती. आबांचा आवाज खाली, भरदार, थकलेला आणि मायेचा. एकेक ओळ सावकाश पाऊल टाकत येत होती. *दारात उभी ही माय...* आणि ती माय खरोखरच दारात उभी राहिली. रांगेतल्या बाया डब्यांवर बसल्या. आपोआप डुलायला लागल्या, जात्यावर बसल्यासारख्या. सिंधुबाईंनी नाकाला पदर लावला. गाणं संपलं तरी कुणी उठेना.

"पुन्यांदा लाव," सिंधुबाईच म्हणाल्या.

मला मात्र कळेना. मी मावशीला बाजूला घेतलं. "मावशी, हे गाणं असं न्हाय. बारामतीत मी ऐकलं, तितं लय फास्ट हाय."

"तुज्या बारामतीत सगळंच पळतंय."

"अगं, आवाजबी येगळा हाय. बारीक."

"करुणा," मावशी म्हणाली, "मी आबांचा आवाज पोरपणापासनं ऐकतीया. हा आबांचा आवाज हाय. तुज्या दुकानात कोण गातंय ते मला ठाव न्हाय."

सोमवारी मी रमजानभाईंना सांगितलं. ते हसून हसून बेजार झाले. "ताई, तुमच्याकडं मोटारी चालू झाल्या की लाईट कमी हुती. टेपाची मोटार दमानं फिरती. म्हणून गाणं पेंगतंय. त्यात चमत्कार काय न्हाय." मग त्यांनी मला नवीन सेल दिले. "हे टाका, म्हंजी खरं गाणं ऐकू येईल."

पुढच्या रविवारी मी सेल टाकून गाणं लावलं. टेप सुसाट सुटला. बाया एकमेकींच्या तोंडाकडं बघायला लागल्या. "काय झालं गं टेपाला?" "आबांना कोण पाठीमागं लागलंय का काय?" शेवटी मावशीनं निवाडा दिला की सेल खराब निघालेत, बारामतीचा माल असाच असतो. सेल काढले, वायर लावली, बल्ब तर लालच होता, आणि गाणं पुन्हा जाग्यावर आलं. मी कपाळावर हात मारला. पण खोटं कशाला बोलू, मलाही ते तसंच आवडायला लागलं होतं.

दोन महिन्यांत ते गाणं अख्ख्या शेळगावाचं झालं. खुरपणीला बाया म्हणायच्या, पोरं शाळेत जाताना म्हणायची. सगळे मावशीच्या गिरणीच्या चालीवर.

मग जयंतीची मिटिंग आली. कमिटीचा अध्यक्ष समाधान, आमच्या भावकीतलाच, बीकॉम झालेला, कष्टाळू आणि थोडा घाईचा. त्याचं म्हणणं, या वर्षी पुण्याचा ऑर्केस्ट्रा आणायचा. आतापर्यंत कमिटीच्या मिटिंगला बाया जात नसत. बायांनी जयंतीला खीर करायची, पांढरी लुगडी नेसायची आणि रॅलीत चालायचं. त्या दिवशी जयवंतामावशी गिरणी बंद करून विहारात गेली, आणि तिच्यामागं दहा-बारा जणी. मीही होते.

"आबांना बोलवा," मावशी म्हणाली.

"मावशी, आबा आता गात न्हाईत. परवा एका गावात मधीच थांबलं म्हणं. लोक उठून गेलं."

"शेळगावात उठनार न्हाईत."

"आन उठलं तर?"

मावशी गप्प बसली असती तर ती मावशी कसली! "उठलं, तर फुडच्या साली तुजा आर्केस्ट्रा आण. आमी बाया परत मिटिंगला तोंड उघडणार न्हाय."

समाधाननं शब्द लगेच झेलला. "ठरलं. सगळ्यांनी ऐकलं बरं का."

घरी येताना मी मावशीवर चिडले. आबांची हमी तिनं एकटीच्या नावावर घेतली असती तर ठीक होतं. पण तिनं सगळ्या बायांचं तोंड पणाला लावलं होतं. पहिल्यांदा उघडलेलं. आणि आबा स्टेजवर कॅसेटसारखं गाणार, धावतं. गाव म्हणणार, हे कुठलं गाणं? मी हे सगळं तिला समजावून सांगितलं. व्होल्टेज सांगितलं, टेपाची मोटार सांगितली. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "तुजं टेपाचं शास्तर खरं असंल. मी आबांचं बोलतीया."

चौदा एप्रिलला रॅली झाली, खीर झाली, आणि ऊन उतरल्यावर विहारापुढच्या मांडवात आबा आले. मी त्यांना जवळून पहिल्यांदाच पाहत होते. पांढरा सदरा, निळा रुमाल, जाड काचेचा चष्मा. पायऱ्या चढताना ढोलकीवाल्याच्या खांद्यावर हात. पण माईकपुढं उभे राहिले तसे ताठ झाले. मांडव गच्च भरला होता. बाया एका बाजूला, मावशी पुढं. समाधान मांडवाच्या खांबाला टेकून, हाताची घडी घालून उभा.

वंदना झाली. जुनी दोन गाणी झाली. वरची ओळ आली की आबा शिताफीनं मागं सरायचे आणि झीलवाले ती उचलायचे. लोकांना कळत होतं, पण आबांसाठी लोक न कळल्यासारखं करत होते. अधूनमधून बक्षिसं येत होती. आमच्याकडं रीत अशी की कुणी नोट घेऊन स्टेजपाशी गेलं की गायक गाणं थांबवतो, वाकून नोट घेतो, देणाऱ्याचं नाव माईकवर सांगतो, आणि त्यानं मागितलेलं गाणं म्हणतो. अर्थात नोट घेऊन जायचे ते बाप्येच, बाया कधीच नाहीत.

मग आबा म्हणाले, "आता आपलं नवीन गाणं."

पेटी धावत सुटली. ढोलकी तिच्यामागं. आबांनी वरच्या पट्टीत सूर लावला. मांडव बावरला. बायांच्या तोंडावर तेच, सेल टाकल्या दिवसाचं. पहिलं कडवं आबांनी ओढून नेलं. दुसऱ्या कडव्याच्या टोकाला आवाज फाटला. आबा खोकले. पुन्हा सुरू केलं, पुन्हा फाटला. मागच्या बाजूला पोरांनी एक शिट्टी मारली. दोन-चार माणसं धोतर झटकत उठली. आबांनी पाण्याचा पेला तोंडाला लावला. तेवढा वेळ मला समाधानचाही राग आला नाही, आबांचा आला. एवढ्या म्हाताऱ्या माणसानं एवढं उंच का जावं?

मावशी उठली. कनवटीची नोट काढली आणि सरळ स्टेजपाशी गेली. आबांना वाटलं, कुणी दयेनं देतंय. त्यांचा चेहरा उतरला. पण रीत ती रीत. ते वाकले, माईक हातातच होता, त्यामुळं पुढचं सगळं बोलणं अख्ख्या मांडवानं ऐकलं.

"नाव सांगा, बाई."

"जयवंता. गिरणीवाली."

"कुठलं गाणं म्हणू?"

"हेच. पर आमच्यावानी म्हणा."

"तुमच्यावानी म्हंजी?"

मावशीला गाता येत नाही. तिचा आवाज पिठानं बसलेला, जाडाभरडा. पण तिनं तिथंच, स्टेजच्या कडेला हात टेकून सुरू केलं. *दारात उभी ही माय...* सावकाश. खालच्या पट्टीत. दुसऱ्या ओळीला सिंधुबाईंनी साथ धरली. त्या पलीकडच्या वस्तीवरून जयंतीला पहिल्यांदाच आल्या होत्या. मग बायांची अख्खी बाजू गायला लागली, मग पोरं, मग ज्यांनी शिट्टी मारली तीही. उठलेली माणसं उभ्या उभ्याच म्हणायला लागली. समाधाननं खांब सोडला, दुसरा माईक उचलला आणि मावशीच्या तोंडापुढं धरला.

ढोलकीवाल्यानं दोन आवर्तनं नुसतं ऐकलं आणि अलगद हात टाकला. आबा अजून ऐकतच होते. डोळे मिटलेले. तिसऱ्या वेळी *तिच्या मागं मागं चालं* आलं तेव्हा त्यांनी तोंड उघडलं, आणि मी शपथेवर सांगते, तो गिरणीतला आवाज होता. तोच. भरदार, थकलेला आणि मायेचा. वर चढायची त्याला गरजच नव्हती. मी टेलिफोन ऑफिसात हजारो आवाज ऐकले, पण एखादा माणूस स्वतःच्या आवाजात घरी पोचल्यासारखा गाताना तेव्हाच ऐकला. मला रडू आवरेना, आणि मी ते आवरलंही नाही.

गाणं संपलं. टाळ्या सुरू झाल्या आणि थांबेनात. आबांनी हात वर करून त्या थांबवल्या.

"मंडळी," ते म्हणाले, "मी हे गाणं पुण्यात असंच म्हटलं हुतं. कंपनीतला पोरगा म्हणाला, आबा, आवाज म्हातारा वाटतोय, लोक घेणार न्हाईत. त्यानं मशीनवर घालून पळवलं. आवाज तरणा केला. तवापासनं लोकास्नी तसंच पायजे, आन माजंच गाणं म्हणताना माजा दम तुटतोय." त्यांनी मावशीकडं पाहिलं. "बाई, मी कसं म्हटलं हुतं ते त्या खोलीभाईर कुणालाच ठाव न्हाय. तुमाला कुणी सांगितलं?"

व्होल्टेज हा शब्द माझ्या अगदी ओठावर आला होता. तो मी गिळला.

"सांगाया कशाला पायजे, आबा?" मावशी म्हणाली. "तुमचा आवाज मला वळखू येत न्हाय व्हय?"

आबांनी चष्मा काढला, रुमालानं डोळे पुसले, आणि पेटीवाल्याकडं वळून म्हणाले, "खालची पट्टी धर. पुन्यांदा म्हणू."